चेक कुणाच्या नावाचा?

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात, मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांमधल्या डेल्टा म्हणवल्या जाणाऱ्या गाळाच्या सपाट पट्ट्यात, सनफ्लॉवर नावाची काउंटी आहे. काउंटी हा तिथल्या कारभाराचा आपल्या जिल्ह्यासारखा घटक, पण इथली लोकवस्ती आपल्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. १९३० च्या सुमारास इथे ६० हजारांहून जास्त माणसं राहत होती. २०२० च्या जनगणनेत ती २६ हजार भरली. जमीन तीच आहे, काळीभोर आणि खोल. एकेकाळी इथे फक्त कापूस दिसायचा. आता सोयाबीन, मका आणि भातही दिसतो. गेली नव्वद वर्षं वॉशिंग्टनहून या जमिनीसाठी सरकारी पैसा येतो आहे. तो कुणाच्या हातात पडला, हे पाहिलं की शेती अनुदान नावाची गोष्ट कशी चालते ते नीट समजतं.

या काउंटीतली दोन माणसं साऱ्या अमेरिकेला ठाऊक आहेत. पहिला जेम्स ईस्टलँड. डॉड्सव्हिल गावाजवळ त्याची पाच हजार एकरांहून मोठी शेती होती. तो सिनेटर होता, सिनेटच्या न्यायविषयक समितीचा वीसहून अधिक वर्षं अध्यक्ष होता आणि कृषी समितीचाही सदस्य होता. दुसरी फॅनी लू हेमर. वाटेकरी कुटुंबातलं विसावं अपत्य; सहाव्या वर्षी कापूस वेचायला लागलेली. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी ती मतदार म्हणून नाव नोंदवायला इंडियनोला या काउंटीच्या मुख्य गावी गेली. परतल्यावर ज्या मळ्यावर ती अनेक वर्षं राबत होती, तिथून मालकाने तिला बाहेर काढलं. पुढे नागरी हक्कांच्या लढ्यातला तिचा आवाज देशभर ऐकला गेला.

१९६७ साली ईस्टलँडच्या मळ्याला कापसाच्या सरकारी योजनांमधून लाख डॉलरहून जास्त रक्कम मिळाली. कापसाखालचं क्षेत्र कमी ठेवल्याबद्दलचा मोबदला आणि भावाचा आधार, असा हा पैसा होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सिनेटर रॉबर्ट केनेडी शेजारच्या बोलिव्हर काउंटीतल्या क्लीव्हलँड गावात आले आणि उपाशी मुलं पाहून हादरून गेले. पेरा कमी झाला की मजुरी कमी होते. जमीनमालकाला पडीक ठेवलेल्या जमिनीचे पैसे मिळत होते. त्या जमिनीवर वेचणी करणाऱ्यांना बुडालेल्या मजुरीसाठी काहीच मिळत नव्हतं.

हे असं का झालं, ते समजायला १९३३ पर्यंत मागे जावं लागतं.

अर्ध्या सेंटचा वाटा

पहिल्या महायुद्धानंतर कापूस पौंडाला ३५ सेंटपर्यंत गेला होता. १९३२ मध्ये तो सहा सेंटच्या आसपास आला. बँका बुडत होत्या, शेतं लिलावात जात होती. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १२ मे १९३३ रोजी शेतमालाचं उत्पादन आवरण्याच्या कायद्यावर सही केली. विचार सरळ होता: माल जास्त आहे म्हणून भाव पडलेत, तर माल कमी करा आणि कमी करणाऱ्याला पैसे द्या. कायदा झाला तोवर कापूस उगवून वर आला होता. मग त्या उन्हाळ्यात दक्षिणेतल्या सुमारे एक कोटी एकरांवरचा उभा कापूस नांगरून टाकला गेला.

भाव वर आले. हजारो शेतं वाचली. ही मदत गरजेची नव्हती असं कुणी म्हणू शकत नाही.

पण ती वाटली कशी? डेल्टातली जमीन बहुतेक वाटेकरी कसत. मालक जमीन, खेचर, बी द्यायचा. वाटेकरी सारं कुटुंब घेऊन राबायचा आणि अर्धं पीक मालकाला द्यायचा. आपल्याकडच्या अर्धेलीच्या शेतीसारखाच हा व्यवहार. १९३४-३५ च्या सरकारी करारात न पिकवलेल्या कापसासाठी पौंडामागे साडेचार सेंट ठरले. त्यातले साडेतीन सेंट जमिनीचं भाडं म्हणून मालकाला. उरलेल्या एका सेंटची मालक आणि वाटेकरी यांच्यात निम्मी वाटणी. म्हणजे मालकाला चार सेंट आणि वाटेकऱ्याला अर्धा. तोही मालकाच्या हातून. आणि मालकाच्या दुकानातली उधारी त्यातून आधी वळती व्हायची.

यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे वाटेकरीच ठेवायचा नाही. करारात एक कलम होतं की शक्य तितकं कुळांना काढू नये. कृषी खात्यातल्या जेरोम फ्रँक यांच्यासारख्या तरुण वकिलांनी त्याचा अर्थ असा लावला की मालकाने तीच माणसं जमिनीवर ठेवली पाहिजेत. अमेरिकी संसदेतल्या दक्षिणेच्या वजनदार नेत्यांना ते सहन होणं शक्य नव्हतं. फेब्रुवारी १९३५ मध्ये फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नोकरीवरून काढलं गेलं. त्याआधी, जुलै १९३४ मध्ये, आर्कान्सामधल्या टायरोन्झा गावी ११ गोऱ्या आणि ७ काळ्या शेतकऱ्यांनी मिळून वाटेकऱ्यांची संघटना उभी केली होती. सभा उधळल्या गेल्या, माणसं मारली-झोडली गेली, तरी मागणी टिकली: पैसा थेट आमच्या हातात द्या. ती मान्य झाली नाही.

मिळालेल्या चेकमधून मालकांनी ट्रॅक्टर घेतले. १९४४ मध्ये सनफ्लॉवरच्या उत्तरेच्या कोआहोमा काउंटीतल्या हॉप्सन मळ्यावर पेरणीपासून वेचणीपर्यंत यंत्रांनीच कापसाचं पीक काढून दाखवलं गेलं. त्यानंतर लाखो माणसं शिकागो आणि डेट्रॉइटकडे गेली. ती फक्त यंत्रामुळे गेली नाहीत. यंत्र घ्यायला रोकड कुणाकडे आली आणि जमिनीवरून कुणाला उठवता आलं, हे सरकारी कराराने आधीच ठरवलेलं होतं.

शेजाऱ्यांची समिती

अनुदानाचे नियम वॉशिंग्टनमध्ये होतात, पण ते राबवणारी माणसं काउंटीतच असतात. रूझवेल्ट यांच्या काळापासून प्रत्येक काउंटीत शेतकऱ्यांनीच निवडून दिलेली एक समिती काम करते. कल्पना लोकशाहीची होती: दूरच्या बाबूपेक्षा गावाला गाव ओळखतं. कुणाला किती एकर कापूस लावायची परवानगी मिळेल, कुणाच्या मोजणीवरची तक्रार खरी मानायची, कुणाचा अर्ज पात्र, हे ही समिती ठरवायची. कापसाचा कोटा दोन एकरांनी कमी झाला तर छोट्या शेतकऱ्याचं वर्षाचं गणित कोसळायचं.

दक्षिणेत या समित्या मोठ्या गोऱ्या मालकांच्या ताब्यात राहिल्या. १९६५ मध्ये अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने कृषी योजनांवर अहवाल दिला, तेव्हा दक्षिणेतल्या राज्यांमधल्या काउंटी समित्यांच्या हजारो सदस्यांत एकही कृष्णवर्णीय नव्हता. त्याच्या आदल्या हिवाळ्यात विद्यार्थी कार्यकर्त्यांनी मिसिसिपीच्या खेड्यापाड्यांत फिरून शेतकऱ्यांना समजावलं होतं की या निवडणुकीत मत द्यायला वाटेकऱ्यालाही हक्क आहे. काही ठिकाणी गावपातळीच्या समित्यांत काळे शेतकरी निवडून आले. धमक्या आणि मारहाणही झाली. काउंटीच्या समितीपर्यंत पोचणं मात्र जवळपास अशक्यच राहिलं.

याची किंमत पिढ्यांनी मोजली. १९२० मध्ये अमेरिकेत सव्वानऊ लाखांहून जास्त कृष्णवर्णीय शेतकरी होते. २०१७ च्या कृषी गणनेत ते ५० हजारांच्या आत आले. कारणं अनेक होती, पण एक कारण न्यायालयात पोचलं. उत्तर कॅरोलायनातले टिमथी पिगफर्ड आणि इतर शेतकऱ्यांनी कृषी खात्यावर दावा लावला. कर्जाचे अर्ज पडून राहायचे, पेरणी उलटून गेल्यावर पैसा यायचा, किंवा येतच नसे, असं त्यांचं म्हणणं होतं. १९८० च्या दशकात खात्याचा नागरी हक्क तक्रारींचा विभागच जवळजवळ बंद पडलेला होता. १९९९ मध्ये तडजोड झाली. बहुतेक पात्र शेतकऱ्यांना प्रत्येकी ५० हजार डॉलर मिळाले आणि एकूण रक्कम एक अब्ज डॉलरच्या वर गेली. दुसऱ्या टप्प्यासाठी आणखी सव्वा अब्ज ठरले. जुलै २०२४ मध्ये कृषी खात्याने भेदभावाची झळ लागलेल्या ४३ हजारांहून जास्त लोकांना सुमारे दोन अब्ज डॉलर दिले. त्यात मिसिसिपी आणि अलाबामा या दोन राज्यांतले लोक सर्वांत जास्त होते.

काउंटी समित्या आजही आहेत. मतपत्रिका टपालाने येतात.

आजचा हिशेब

आता कापूस नांगरून टाकायला कुणी सांगत नाही. आजच्या मुख्य योजनेत कायद्याने प्रत्येक पिकाची एक संदर्भ किंमत ठरते. बाजारभाव तिच्याखाली गेला की फरक सरकार भरतं. आपला हमीभाव आणि ही किंमत वेगळ्या गोष्टी आहेत: तिथे सरकार माल विकत घेत नाही, शेतकरी बाजारात विकतो आणि फरकाचे पैसे नंतर येतात.

एक उदाहरण घेऊ. २०२५ च्या कायद्याने मक्याची संदर्भ किंमत बुशेलमागे ३.७० वरून ४.१० डॉलर झाली. बुशेल म्हणजे मक्याचे साधारण २५ किलो. समजा वर्षाचा सरासरी बाजारभाव ३.६० राहिला. फरक अर्धा डॉलर. शेतकऱ्याच्या नोंदीत १,००० एकर आणि एकरी उतारा १५० बुशेल असेल, तर ८५ टक्के एकरांवर हिशेब होतो: ८५० गुणिले १५० गुणिले अर्धा डॉलर, म्हणजे ६३,७५० डॉलर.

इथे 'नोंदीत' हा शब्द कळीचा आहे. हे एकर यंदा पेरलेले असण्याची गरज नाही. त्यांना बेस एकर म्हणतात. पूर्वी काही ठरावीक वर्षांत त्या जमिनीवर कोणतं पीक किती होतं, त्यावरून ते नोंदले गेले. मक्याचे बेस एकर असलेल्या जमिनीवर यंदा सोयाबीन असलं तरी मक्याचे पैसे मिळतात. जमीन विकली की बेस एकर जमिनीबरोबर जातात. हक्क जमिनीला चिकटलेला आहे, पिकवणाऱ्याला नाही.

दुसरा पर्याय तर काउंटीवरच आधारलेला आहे. काउंटीचं सरासरी उत्पन्न ठरलेल्या पातळीखाली गेलं तर त्या काउंटीत नाव नोंदवलेल्यांना भरपाई मिळते. स्वतःचं पीक चांगलं आलं तरी मिळते. आणि स्वतःच्या शेतावर गारपीट होऊन बाकी काउंटी सुखरूप राहिली, तर मिळत नाही. त्यासाठी पीक विमा आहे. विम्याच्या हप्त्यातले सरासरी सुमारे ६२ टक्के सरकार भरतं, आणि या सवलतीला वरची मर्यादा नाही. मोठ्या शेतकऱ्याला मोठी सवलत.

अमेरिकेतली जवळपास ४० टक्के शेतजमीन खंडाने कसली जाते आणि तिचे बहुसंख्य मालक स्वतः शेती करत नाहीत. रोख खंडावर जमीन घेणाऱ्या शेतकऱ्याच्या नावाने चेक निघतो खरा, पण मालकालाही तो चेक ठाऊक असतो. पुढच्या वर्षीचा खंड त्या हिशेबाने वाढतो. मदतीचा एक भाग असा पुन्हा जमिनीकडे वळतो.

कायद्याने शेतीशी नातं किती सैल करता येतं, ते २००६ मध्ये वॉशिंग्टन पोस्टच्या वार्ताहरांनी दाखवून दिलं. त्या वेळी भावाशी संबंध नसलेली थेट रक्कम दरवर्षी मिळायची. २००० पासून १.३ अब्ज डॉलर अशा लोकांना गेले होते जे शेती करतच नव्हते. टेक्सासमध्ये जुन्या भातखाचरांवर बंगले झाले होते. परसदाराच्या जमिनीवर भाताचं अनुदान अजून चालू होतं. थेट रकमा २०१४ च्या कायद्याने बंद झाल्या. बेस एकर राहिले.

मर्यादा आणि भागीदार

एका व्यक्तीला किती द्यायचं याला मर्यादा घालण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९७० चा: एका पिकामागे ५५ हजार डॉलर. ईस्टलँडसारख्या मळ्यांच्या बातम्यांनी लोक संतापले होते. मग मोठ्या शेती कागदावर विभागल्या जाऊ लागल्या. बायको, मुलं, विश्वस्त निधी, कंपन्या, त्या कंपन्यांचे भाग, अशा फांद्या निघत गेल्या. या रचनेला १९८० च्या दशकात अमेरिकेत 'मिसिसिपी ख्रिसमस ट्री' असं नाव पडलं. १९८७ मध्ये नियम कडक केले; २००८ मध्ये प्रत्येक डॉलर अखेर कोणत्या माणसाला गेला ते नोंदवणं सक्तीचं झालं. पण भागीदारी संस्थेत प्रत्येक भागीदाराला स्वतंत्र मर्यादा मिळते, आणि २०१८ च्या कायद्याने त्या भागीदारांत चुलत-मावस भावंडं आणि पुतणे-भाचेही बसवले. शेतात पाय न ठेवता फोनवरून व्यवस्थापन केलं तरी 'सक्रिय सहभाग' ठरू शकतो. आयोवाचे सिनेटर चक ग्रासली स्वतः शेतकरी आहेत. ही पळवाट बंद करण्यासाठी ते कित्येक वर्षं झगडले. २०२५ मध्ये उलट मर्यादा सव्वा लाखावरून एक लाख ५५ हजार डॉलर झाली आणि देशभरात तीन कोटी नवे बेस एकर नोंदवायला वाट मोकळी झाली.

या सगळ्याचा ताळेबंद सामान्य माणसाला पाहता येतो तो एका पर्यावरणवादी संस्थेमुळे. एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुपने माहितीच्या कायद्याखाली सरकारी नोंदी मिळवल्या आणि २००१ मध्ये काउंटीनिहाय याद्या खुल्या केल्या. शेजाऱ्याला किती मिळाले हे शेजाऱ्याला कळू लागलं. १९९५ पासूनच्या पीकनिहाय मदतीचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग वरच्या दहा टक्के लाभार्थ्यांकडे गेल्याचं त्या आकड्यांतून दिसतं.

काउंटीची सीमारेषाही किती निर्णायक ठरते, ते २०१९ मध्ये दिसलं. चीनशी व्यापारयुद्ध आदल्या वर्षीच पेटलं होतं, सोयाबीनचे भाव कोसळले होते आणि सरकारने भरपाई जाहीर केली. प्रत्येक काउंटीला एकरी एकच दर, पीक कोणतंही असो: कुठे १५ डॉलर, कुठे १५०. कापूस पिकवणाऱ्या दक्षिणेला चढे दर मिळाले. रस्त्याच्या अलीकडे आणि पलीकडे तेच सोयाबीन उभं होतं, पण काउंटी बदलली की चेक बदलत होता. दोन वर्षांत या योजनेवर सुमारे २३ अब्ज डॉलर खर्च झाले.

या पैशावर काउंटीतली बँक, बियाण्याचं दुकान, ट्रॅक्टरचा विक्रेता जगतात, हे खरं आहे. शेतीची जोखीम एकट्या शेतकऱ्याने पेलू नये, हेही खरं. पण सनफ्लॉवर काउंटीत आजही साधारण तिघांमागे एक माणूस गरिबीत जगतो. २०२१ मध्ये तिथल्या काही कृष्णवर्णीय शेतमजुरांनी न्यायालयात धाव घेतली: व्हिसावर आणलेल्या दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या मजुरांना तेच काम करताना आपल्यापेक्षा जास्त मजुरी मिळत होती, असा त्यांचा दावा होता. पुढे समझोता झाला. अनुदानाच्या कुठल्याही सूत्रात या मजुरांचं नाव येत नाही.

फॅनी लू हेमरला हे १९६९ मध्येच कळलं होतं. तिने देशभरातून देणग्या गोळा करून रूलव्हिल गावाजवळ ४० एकर घेतले आणि फ्रीडम फार्म सहकारी शेती सुरू केली. पुढे ती ६०० एकरांपलीकडे गेली. भाजीपाला, सोयाबीन, कापूस, आणि डुकरांची 'बँक': कुटुंबाला एक मादी द्यायची, पिल्लं झाली की काही परत घ्यायची आणि पुढच्या कुटुंबाला द्यायची. जमीन आपली असल्याशिवाय कोणताही चेक आपला होणार नाही, हे तिने ओळखलं होतं. पूर, दुष्काळ आणि पैशाची चणचण यांपुढे ती शेती १९७० च्या दशकाच्या मध्यात बंद पडली. हेमर १९७७ मध्ये वारली.

यवतमाळपर्यंत

अमेरिका आपल्या कापसाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग निर्यात करते. त्यामुळे डेल्टातला चेक विदर्भाच्या भावालाही लागतो. १९९९ ते २००३ या चार हंगामांत अमेरिकेने कापसावर १२ अब्ज डॉलरहून जास्त अनुदान दिलं. ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि खटला जिंकला. अमेरिकेने अनुदान लगेच थांबवलं नाही. २०१० पासून तिने ब्राझीलच्या कापूस क्षेत्राला वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर देऊ केले आणि २०१४ मध्ये आणखी ३० कोटी देऊन प्रकरण मिटवलं. माली, बुर्किना फासो, बेनिन आणि चाड या गरीब देशांनीही २००३ मध्ये हीच तक्रार मांडली होती. त्यांच्या हाती असं काही लागलं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये भारताने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत उठवलं, तेव्हा विदर्भ-मराठवाड्यात उठलेल्या विरोधामागे हाच अनुभव होता: अनुदानावर पिकलेल्या रुईशी कोरडवाहू कापसाने स्पर्धा करायची.

आणि चेक जमिनीमागे जाण्याचा प्रश्न तर महाराष्ट्राच्या घरातलाच आहे. पीएम किसानचे वर्षाला सहा हजार आणि २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे आणखी सहा हजार, हे सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळतात. बटाईने किंवा ठोक्याने रान करणाऱ्याला मिळत नाहीत. नवऱ्याच्या नावावरच्या जमिनीत आयुष्यभर राबणाऱ्या बाईच्या नावाने ते येत नाहीत. बहुतेक ठोके तोंडी असतात, कारण लिहून दिलं तर कुळ लागेल ही मालकाची भीती. निती आयोगाने २०१६ मध्ये जमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा सुचवला होता: मालकाची मालकी सुरक्षित ठेवून कसणाऱ्याची नोंद करायची, म्हणजे कर्ज, विमा आणि भरपाई त्याला मिळेल. आता शेतकऱ्यांना डिजिटल ओळख क्रमांक दिले जात आहेत आणि शेतीच्या योजना त्या क्रमांकावर चालणार आहेत. हा क्रमांकही जमिनीच्या नोंदींवरच उभा आहे. त्यात प्रत्यक्ष कसणाऱ्यासाठी रकाना ठेवायचा असेल, तर तो याद्या पक्क्या होण्याआधी, आत्ताच ठेवायला हवा. बेस एकर एकदा नोंदले गेले की पुढे ते हलवणं किती अवघड जातं, हे अमेरिकेने अनेक दशकं पाहिलं आहे.